शिक्षकालाही हवा सोबती

बी.एड.ची पदवी हातात पडली की शिक्षकाचे शिकणे संपले, असे आपण धरून चालतो. दिल्लीच्या सरकारी शाळांत मात्र शिक्षकांनीच शिक्षकांना हात देण्याचा एक मोठा प्रयोग झाला. त्याच्या यशातून आणि अडचणींतूनही शाळेला आणि घराला शिकण्यासारखे बरेच आहे.

मुलाला शाळेत घालायचे म्हटले की आपण किती चौकशा करतो! फी किती, बस घरापर्यंत येते का, दहावीचा निकाल किती टक्के लागला, मैदान आहे का, संगणक आहेत का. शेजारणीला विचारतो, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना विचारतो. पण त्या शाळेतल्या बाईंना आणि सरांना नोकरीला लागल्यानंतर शिकवायला कोण शिकवते, हा प्रश्न मात्र सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

खरे म्हणजे तोच प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा. अवघड रोगी आला की डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतो. नवा वकील काही वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काम करतो. गाणारा तर आयुष्यभर गुरूसमोर, नाहीतर निदान जाणकारांसमोर गात राहतो. शिक्षकाच्या वाट्याला यातले काय येते? बी.एड. करताना दिलेले मोजके सराव पाठ. नंतर शाळेत पहिल्याच दिवशी हातात हजेरीपट आणि खडू देऊन पन्नास मुलांसमोर उभे केले जाते. वर्गाचे दार बंद होते ते होतेच. पुढची पंचवीस-तीस वर्षे आपला सहकारी शेजारच्या वर्गात कसा शिकवतो हे ना आपण पाहतो, ना तो आपला वर्ग पाहतो.

वर्गात कुणी येऊन बसलेच तर ते असतात तपासणीला आलेले साहेब. साहेब येणार म्हटले की वर्ग झाडले जातात, तक्ते टांगले जातात, टाचणवह्या पुऱ्या केल्या जातात आणि हुशार मुले पुढच्या बाकावर आणली जातात. साहेब गेले की सगळे पुन्हा मागच्या पानावरून पुढे चालू! अशा भेटीतून शिक्षक एकच गोष्ट शिकतो, ती म्हणजे आपली उणीव झाकायची कशी.

सहावीच्या वर्गातला पेच

दिल्लीच्या सरकारी शाळांचे गणित थोडे वेगळे आहे. तिथे पाचवीपर्यंतचे शिक्षण मुख्यत: महानगरपालिकेच्या शाळांत होते. सहावीपासून बहुतेक मुले दिल्ली सरकारच्या शिक्षण संचालनालयाच्या शाळांत येतात. अशा शाळा एक हजाराच्या आसपास आहेत. जागा अपुरी असल्यामुळे अनेक इमारतींत दोन पाळ्या भरतात. सकाळी मुलींची शाळा आणि दुपारी मुलांची.

२०१६ साली या शाळांतल्या सहावीच्या मुलांची चाचणी घेतली गेली, तेव्हा सुमारे ७४ टक्के मुलांना आपल्याच हिंदीच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद नीट वाचता येत नव्हता. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही, असा त्यावेळचा नियम होता. त्यामुळे ही मुले वरच्या वर्गात सरकत जात आणि नववीत अडकत. नववीच्या परीक्षेत जवळजवळ निम्मी मुले नापास होत. नापास झालेला मुलगा एक-दोन वर्षे रखडतो आणि मग शाळाच सोडतो. कुणी कारखान्यात लागतो, कुणी दुकानात. मुलगी असली तर तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

दोष कुणाचा? शिक्षकाकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण सहावीला शिकवणाऱ्या शिक्षकाची बाजूही पाहा. त्याने इतिहासात किंवा विज्ञानात पदवी घेतली, बी.एड. केले. आपला विषय वरच्या वर्गांना कसा शिकवावा, एवढेच त्याला शिकवले गेले. अक्षरओळख नसलेल्या बारा वर्षांच्या मुलाला वाचायला कसे शिकवायचे, हे त्याला कुणी कधी सांगितलेच नाही. बरे, तो मुलगा लहान नाही. त्याच्यापुढे बालवाडीचे पुस्तक ठेवले तर त्याला लाज वाटते. अशा चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकटा सापडलेला शिक्षक शेवटी काय करतो? फळ्यावर उत्तरे लिहून देतो, मुले ती वहीत उतरवून घेतात. अभ्यासक्रम ‘पुरा’ होतो. वह्या भरतात, मुले मात्र कोरीच राहतात.

हा पेच परिपत्रक काढून सुटणारा नव्हता. मे महिन्याच्या सुटीत दोनशे शिक्षकांना एका सभागृहात कोंबून दिलेल्या भाषणांनीही तो सुटत नाही, हा अनेक वर्षांचा अनुभव होता. सभागृहात पटलेली गोष्ट स्वत:च्या वर्गात करून पाहताना माणूस अडखळतो. त्या क्षणी शेजारी कुणीतरी असावे लागते.

दोनशे शिक्षक, हजार शाळा

२०१६ साली दिल्लीच्या शिक्षण खात्याने आपल्याच सेवेतल्या शिक्षकांतून सुमारे दोनशे जणांची ‘मेंटॉर टीचर’ म्हणजे मार्गदर्शक शिक्षक म्हणून निवड केली. त्यांनी स्वत:हून अर्ज केले होते. एकेकाकडे पाच-सहा शाळा सोपवल्या गेल्या. काम असे, की या शाळांत नियमित जायचे, सहकाऱ्यांच्या वर्गात बसायचे, त्यांच्याशी बोलायचे, अडचणी समजून घ्यायच्या आणि एका शाळेत चाललेली चांगली गोष्ट दुसऱ्या शाळेत पोचवायची.

महत्त्वाची गोष्ट अशी की या मंडळींना अधिकारी केले गेले नाही. ती शिक्षकच राहिली. कुणाची बदली करण्याचा, कुणाला मेमो देण्याचा किंवा कुणाची वेतनवाढ रोखण्याचा अधिकार त्यांना नव्हता. सरकारी व्यवस्थेत बिनअधिकाराच्या माणसाला कोण विचारतो, अशी शंका कुणालाही येईल. पण या प्रयोगाचे बळ नेमके तिथेच होते. ज्याच्या हाती छडी नाही, त्याच्यासमोर माणूस आपली उणीव मोकळेपणाने सांगू शकतो.

त्याच वर्षी खात्याने सहावी ते नववीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी ‘चुनौती’ ही मोहीम हाती घेतली. तिच्यासाठी ‘प्रगती’ नावाच्या पुस्तिका तयार झाल्या. त्या लिहिण्यात मेंटॉर शिक्षकांचाच हात होता. ज्यांनी स्वत: असे वर्ग सांभाळले होते, त्यांनी सोप्या भाषेत लिहिलेले साहित्य होते ते. पुढे २०१८ च्या जुलैमध्ये नर्सरी ते आठवीसाठी ‘हॅपिनेस’चा म्हणजे आनंदाचा तास सुरू झाला. त्याच्या पुस्तिका तयार करणाऱ्यांतही हे शिक्षक होते. मेंटॉर शिक्षकांच्या तुकड्या सिंगापूरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये प्रशिक्षणासाठी गेल्या. सरकारी शाळेतल्या शिक्षकाला शिकण्यासाठी कुणी विमानाने परदेशी पाठवते, ही गोष्ट दिल्लीच्या स्टाफरूममध्ये बरेच दिवस चर्चेत राहिली.

पण दोनशे माणसे हजार शाळांना किती पुरणार? एका शाळेत पन्नास-साठ शिक्षक असले तर एकेकाच्या वर्गात मेंटॉरची फेरी कधी व्हायची? म्हणून २०१७-१८ पासून प्रत्येक शाळेतल्याच एका शिक्षकाकडे ‘टीचर डेव्हलपमेंट कोऑर्डिनेटर’ म्हणजे शिक्षक विकास समन्वयक ही जबाबदारी देण्यात आली. बाहेरून अधूनमधून येणारा सोबती आणि शाळेतच रोज भेटणारा सोबती, अशी ही दुहेरी रचना होती.

एक तास, एकच मुद्दा

अशी भेट फळाला कशी येते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

समजा, सातवीला विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आहेत. मेहनती आहेत, वेळेवर येतात, पोर्शन वेळेवर पुरा करतात. पण वर्गातली पाच-सहा मुलेच उत्तरे देतात, बाकीची गप्प बसतात, ही त्यांची तक्रार आहे. मेंटॉर शिक्षिका तास सुरू होण्यापूर्वीच त्यांना विचारते, “मॅडम, आज मी नेमके काय पाहू?” बाई म्हणतात, “मुले का बोलत नाहीत तेवढे पाहा.”

झाले, ठरले. मेंटॉर शिक्षिका मागच्या बाकावर बसते. बाईंचा आवाज कसा आहे, फळ्यावरचे अक्षर कसे आहे, तक्ते आहेत की नाहीत, याकडे ती आज बघतच नाही. कागदावर वर्गातल्या बाकांचा आराखडा काढते आणि ज्या मुलाला प्रश्न विचारला गेला त्याच्या जागी खूण करते. शिवाय घड्याळाकडे एक नजर ठेवते. प्रश्न विचारल्यानंतर बाई किती वेळ थांबल्या?

तास संपल्यावर ती शेरा देत नाही. तो कागद फक्त समोर ठेवते. खुणा सगळ्या पुढच्या दोन बाकांवर आणि मधल्या रांगेत. खिडकीकडची रांग कोरी. प्रश्न आणि दुसरा आवाज यांच्यामध्ये जेमतेम एक सेकंद. तेवढ्यात कुणी बोलले नाही तर बाई स्वत:च उत्तर सांगून मोकळ्या होतात.

ही काही या बाईंचीच खोड नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात शेकडो तासांचे ध्वनिमुद्रण तपासले. तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे आढळले. हाच वेळ तीन सेकंद किंवा त्याहून थोडा अधिक केला की मुलांची उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी होतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असे आपल्याला वाटते. पण वर्गासमोर उभे राहून तीन सेकंद गप्प राहून बघा. युगासारखे वाटतात! ज्या मुलाला घरी कुणी प्रश्न विचारत नाही, त्याला उत्तराची जुळवाजुळव करायला तेवढा वेळ तरी लागतोच.

आता बाईंना काय करायचे ते कुणी सांगावे लागत नाही. पुढच्या आठवड्यात प्रश्न विचारला की मनातल्या मनात तीन आकडे मोजायचे आणि खिडकीकडच्या रांगेला रोज दोन प्रश्न विचारायचे, असे त्या स्वत:च ठरवतात. पंधरा दिवसांनी मेंटॉर पुन्हा येते, पुन्हा आराखडा काढते. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की फरक बाईंना स्वत:च्या डोळ्यांनी दिसतो.

यात ना मोठे व्याख्यान आहे, ना खर्च. पण तीन गोष्टी आहेत. काय पाहायचे ते शिकवणाऱ्याने ठरवले, पाहणाऱ्याने मत न देता पुरावा दिला आणि ती पुन्हा परत आली. यातली तिसरी गोष्टच सगळ्यांत आधी विसरली जाते. एकदा येऊन चार उपदेश करून गेलेला पाहुणा पुन्हा दिसतच नाही, असेच एरवी घडते.

सोबती की हेर?

दिल्लीत सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. वर्गात येऊन बसणाऱ्या माणसाकडे ‘हा वर जाऊन काय सांगणार’ याच संशयाने पाहायची शिक्षकांना सवय असते. वीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाला दहा वर्षे नोकरी झालेल्याने शिकवावे, हे सहजासहजी पचत नाही. “तुमच्या चांगल्या शाळेत चालते हो हे सगळे, आमच्या पोरांपुढे चालवून दाखवा,” असे टोमणे ठरलेले. त्याला उत्तर एकच. खडू हातात घेऊन त्याच पोरांपुढे शिकवून दाखवणे. जो मार्गदर्शक स्वत: वर्गात उभा राहायला तयार होतो, त्याचे शब्द लोक ऐकतात. जो नुसता वही घेऊन फिरतो, त्याचे ऐकत नाहीत.

याहून मोठा धोका वरून येतो. खात्याला एखादी मोहीम राबवायची असते, तिची माहिती गोळा करायची असते. मग शाळाशाळांतून फिरणारा हा माणूस खात्याच्या डोळ्यांत भरतो. पुस्तिका पोचल्या का, चाचणी झाली का, किती मुले आली, हे विचारायचे कामही त्याच्याकडे येते. एकदा का त्याच्या हातात तक्ता आला, की सहकाऱ्यांच्या नजरेत तो पुन्हा छोटा साहेब होतो. मग त्याच्यासमोरही वर्ग झाडले जातात आणि हुशार मुले पुढे बसवली जातात.

दिल्लीच्या शाळांतल्या बदलांचा अभ्यास करून सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या तिथल्याच संस्थेतल्या अभ्यासकांनी २०२१ साली एक प्रबंध प्रसिद्ध केला. वर्षानुवर्षे आदेश, परिपत्रके, अभ्यासक्रम आणि पासाची टक्केवारी याच भाषेत बोलत आलेली यंत्रणा नवी भाषा किती सावकाश आणि किती कष्टाने शिकते, याचे त्यात विस्ताराने वर्णन आहे. शाळेत मदत आणि हिशेब यांची गल्लत होणे हा त्या जुन्या भाषेचाच भाग आहे.

बरोबरीच्या शिक्षकांनी एकमेकांना मदत करावी, ही पद्धत अमेरिकेत रूढ करणाऱ्या ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोघांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले, की नुसत्या प्रशिक्षणातून वर्गापर्यंत फारच थोडे पोचते. त्यानंतर वर्गात सोबत मिळाली तरच नवी पद्धत टिकते. पण पुढे १९९६ साली याच दोघांनी आपल्या पद्धतीतून एक गोष्ट चक्क काढून टाकली. ती म्हणजे पाठ पाहिल्यावर तोंडी अभिप्राय देणे! सहकारी एकमेकांना अभिप्राय देऊ लागले की नकळत परीक्षकाच्या सुरात बोलू लागतात आणि मैत्री बिघडते, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्यांनी नातेच उलटे केले. जो शिकवतो तो मार्गदर्शक आणि जो पाहतो तो शिकणारा. मी तुमच्या वर्गात येतो ते तुमच्या चुका काढायला नव्हे, तुमच्याकडून काही न्यायला. या एका बदलाने स्टाफरूमचे वातावरण किती निवळत असेल, याची कल्पना कुठलीही शिक्षिका करू शकेल.

मूळ कल्पनेला मराठी हात

शाळांनी आणि शिक्षकांनी एकमेकांच्या आधाराने वाढावे हा विचार परदेशातूनच आला असे समजायचे कारण नाही. १९६४ ते ६६ या काळात दिल्लीत कोठारी आयोगाने साऱ्या देशाच्या शिक्षणाचा विचार केला. त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचा हा माणूस. आयोगाने ‘शाळा-समूहा’ची कल्पना मांडली. मध्ये एक माध्यमिक शाळा, भोवती तिच्या परिसरातल्या प्राथमिक शाळा. या सगळ्यांनी साहित्य वाटून घ्यावे, शिक्षकांनी एकत्र बसावे, अडचणी आपसात सोडवाव्यात. एकेकटी पडलेली शाळा आणि एकटा पडलेला शिक्षक यांना आधार मिळावा, हा त्यामागचा हेतू. बरीच वर्षे ही कल्पना अहवालातच राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ती पुन्हा आली आहे.

महाराष्ट्राने १९९४ साली केंद्रप्रमुखाचे पद निर्माण केले, तेही याच विचारातून. दहा-बारा प्राथमिक शाळांचे एक केंद्र, त्यावर एक केंद्रप्रमुख आणि केंद्रातल्या शिक्षकांची दरमहा शिक्षण परिषद. खेड्यातल्या दोन शिक्षकी शाळेत दोघांनीच एकमेकांचे तोंड बघत वर्षे काढायची, त्याऐवजी महिन्यातून एकदा तरी परिसरातले शिक्षक भेटावेत, एखाद्याने आदर्श पाठ घ्यावा, बाकीच्यांनी पाहावा. जिथे केंद्रप्रमुखाला शिकवण्याची ओढ होती तिथे या परिषदा रंगल्या. जिथे त्याच्या डोक्यावर माहितीचे तक्ते आणि शालेय पोषण आहाराचे हिशेब येऊन पडले, तिथे परिषद म्हणजे परिपत्रकांचे वाचन झाले. दिल्लीतल्या मेंटॉरपुढे आला तोच धोका इथे आधीच दिसला होता.

पण त्याच यंत्रणेतून काय उभे राहू शकते, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने दाखवले. बीट म्हणजे शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट. इथल्या चाळीसेक जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी बाईंनी शिक्षकांना बरोबर घेऊन ज्ञानरचनावादी पद्धतीने, म्हणजे मुलांनी स्वत: हाताळत, बोलत शिकावे अशा रीतीने वर्ग बदलले. खडे, बिया, काड्या, फरशीवर रंगवलेले अंक आणि अक्षरे असे साधेच साहित्य होते. बातमी पसरली आणि राज्यभरातले शिक्षक हे वर्ग पाहायला कुमठ्याला येऊ लागले. शासनाने जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा कुमठ्याचे उदाहरण अनेकांच्या तोंडी होते. आपल्यासारख्याच पगारावर, आपल्यासारख्याच पोरांना शिकवणारा माणूस काय करू शकतो, हे शिक्षकाने डोळ्यांनी पाहिले की सबबी आपोआप गळून पडतात.

इतर देशांत काय चालते?

जपानमध्ये शिक्षकांनी मिळून पाठाचा अभ्यास करण्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. चार-पाच शिक्षक एक पाठ निवडतात. त्यावर कित्येक दिवस चर्चा करतात. फळ्यावर काय कुठे लिहायचे, मुले कुठे अडखळतील, कोणता प्रश्न आधी विचारायचा, असा बारीकसारीक विचार होतो. मग एकजण तो पाठ घेतो आणि बाकीचे वर्गात उभे राहून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात. नंतर पाठ दुरुस्त करून दुसरा शिक्षक दुसऱ्या वर्गावर घेतो. पाठ फसला तर तो एकट्याचा फसत नाही, सगळ्यांचा फसतो. त्यामुळे कुणाला कमीपणा येत नाही.

सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाकाठी शंभर तासांपर्यंत प्रशिक्षण घेण्याची सोय आहे. आपल्याकडे राष्ट्रीय शिक्षण धोरणाने दरवर्षी किमान पन्नास तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. तास भरणे अवघड नाही. मोबाइलवर व्हिडिओ लावून ठेवला आणि दुसऱ्या हाताने वह्या तपासल्या तरी प्रमाणपत्र मिळते! त्या पन्नास तासांतले दहा तास जरी एकमेकांच्या वर्गात गेले, तरी त्यांचे सोने होईल.

खाजगी शाळांनाही हे लागू आहे

गुडगाव, नोएडा किंवा द्वारकेतल्या मोठ्या खाजगी शाळेत मुले घालणाऱ्या पालकांना वाटेल, ही सरकारी शाळांची गोष्ट, आमचा काय संबंध? संबंध आहे. वातानुकूलित वर्गाचे दारही बंदच असते. उलट तिथे भीती वेगळी असते. नोकरी कराराची, पालकांच्या तक्रारींची टांगती तलवार आणि भिंतीवर कॅमेरा. अशा ठिकाणी ‘मला हा धडा शिकवायला जमत नाही’ असे कोण कबूल करणार? सीबीएसईच्या ‘सहोदय’ गटांतून आसपासच्या शाळा एकत्र येतात, ही चांगली सोय आहे. पण तिचा उपयोग आंतरशालेय स्पर्धांपुरताच न ठेवता शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहावेत यासाठी झाला, तर फायदा दोन्हीकडच्या मुलांचा आहे.

सुरुवात कशी करावी?

सरकारी योजना येतात आणि जातात. सरकार बदलले की नावे बदलतात. पण दोन शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जायला कुठल्याही योजनेची गरज नाही. शिक्षक असलेल्या वाचकांसाठी काही सूचना :

• जोडीदार स्वत: निवडा. वरून नेमून दिलेली जोडी फारशी टिकत नाही. तुमच्याच विषयाचा असायला हवा असे नाही. मराठीच्या बाई गणिताच्या सरांच्या वर्गात बसून पुष्कळ शिकू शकतात.

• पहिले आमंत्रण तुम्ही द्या. “मी तुमच्या वर्गात येऊ का?” यापेक्षा “तुम्ही माझ्या वर्गात याल का, मला अमुक जमत नाही,” हे वाक्य दार लवकर उघडते.

• एका वेळी एकच मुद्दा घ्या. मागच्या बाकावरची मुले, प्रश्नानंतरचा वेळ, गृहपाठ तपासण्याची पद्धत, असा मोजता येण्यासारखा.

• पाहताना मुलांकडे पाहा, शिक्षकाकडे कमी. कुणी काय केले ते लिहा, चांगले-वाईट लिहू नका.

• पाहिलेले वर सांगू नका. स्टाफरूममध्ये चघळू नका. एक वाक्य जरी बाहेर गेले तरी पुन्हा दार उघडत नाही.

• दहा-पंधरा दिवसांत पुन्हा भेटा. दुसरी भेट झाली नाही तर पहिली वाया गेली असे समजा.

मुख्याध्यापकांनी एवढेच करावे. वेळापत्रकात दोघांना आठवड्यातून एक मोकळा तास एकाच वेळी द्यावा आणि त्या तासाचा अहवाल मागू नये. गैरहजर शिक्षकाच्या जागी नेमके त्याच तासाला त्यांना पाठवू नये. चांगल्या शिक्षिकेला मार्गदर्शक नेमले तर तिच्या वर्गावर दुसरे कोण जाणार, याचीही सोय आधी करावी. नाहीतर चाळीस मुलांचे नुकसान करून दुसऱ्या चाळिसांचे भले करण्यासारखे होईल.

पालकांचा वाटा

आणि आपण पालक? पुढच्या पालकसभेत ‘माझ्या मुलाला दोन मार्क का कमी?’ या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न विचारून पाहा. तुमच्या शाळेत शिक्षक एकमेकांचे पाठ पाहतात का? त्यांना त्यासाठी वेळ मिळतो का? मुलाच्या वर्गात मागे दुसऱ्या एखाद्या बाई बसलेल्या होत्या असे त्याने घरी येऊन सांगितले, तर ‘तुमच्या बाईंना शिकवता येत नाही वाटतं!’ असे म्हणू नका. उलट त्याला सांगा, की तुझ्या बाई अजून शिकताहेत आणि म्हणूनच त्या चांगल्या बाई आहेत.

मोठी माणसेही शिकतात, चुकतात, दुसऱ्याला विचारतात आणि पुन्हा करून पाहतात, हे मुलाने शाळेतच पाहिले तर कुठल्याही धड्यापेक्षा तो धडा त्याच्या लक्षात राहील. ज्या शाळेत बाईंना ‘मला येत नाही’ म्हणायची भीती वाटत नाही, त्याच शाळेत खिडकीकडच्या रांगेतला गप्प मुलगाही एक दिवस हात वर करून म्हणेल, “बाई, मला कळले नाही, पुन्हा सांगा.” शाळेची निवड करताना मैदान आणि बस यांच्याआधी हेच पाहायला हवे.